बॅच 14: तीन वर्षं मुरलेल्या बार्लीवाइनच्या टेस्टिंग नोंदी

11 जानेवारी 2025

बॅच 14 ही इंग्लिश पद्धतीची बार्लीवाइन, म्हणजे एल प्रकारची कडक बिअर. बाटलीबंद केली 20 नोव्हेंबर 2021 रोजी. तेव्हाचे आकडे: सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) 1.098, शेवटची 1.024, म्हणजे अल्कोहोल सुमारे 9.7 टक्के. माल्टमध्ये 90 टक्के मॅरिस ऑटर, 7 टक्के मध्यम क्रिस्टल, 3 टक्के गडद क्रिस्टल. कडूपणासाठी मॅग्नम हॉप्स, उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत ईस्ट केंट गोल्डिंग्ज, हिशेबाने 70 आयबीयू (कडूपणाचं एकक). बाटलीत प्रतिलिटर 4.5 ग्रॅम साखर आणि 0.1 ग्रॅम कोरडं बॉटलिंग यीस्ट, कार्बोनेशन 2 व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या दुप्पट कार्बन डायऑक्साइड) धरून. एवढ्या अल्कोहोलमध्ये मूळ यीस्ट पार थकलेलं असतं, त्यामुळे ताजं यीस्ट घालावंच लागतं. त्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा: जागं झालेलं यीस्ट बाटलीत अडकलेल्या ऑक्सिजनपैकी बराचसा खाऊन टाकतं.

330 मिलीच्या 60 तपकिरी बाटल्या तीन गटांत. गट अ फ्रिजमध्ये, 4 अंश सेल्सिअस. गट ब तापमान-नियंत्रित कपाटात, 12 अंश. गट क साध्या अंधाऱ्या खोलीत, जिथे तापमान ऋतूप्रमाणे 18 ते 28 अंशांत फिरलं. तिन्ही गट उभे, अंधारात. आडव्या ठेवण्याची पद्धत वाइनच्या बुचासाठी आहे. क्राउन कॅप (दाबून बसवलेलं धातूचं झाकण) असलेल्या बाटलीत तिचा काही उपयोग नाही, उलट गाळ लांब पसरतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो.

प्रश्न असा: तीन वर्षांत चव मुरली किती, उतरली किती, आणि तो फरक तापमानाने पडला की ऑक्सिजनने?

रासायनिक क्रियांचा वेग दर 10 अंशांमागे ढोबळमानाने दोन ते तीन पट होतो. गट क ची सरासरी 24 अंश धरली, तर त्याचं वय गट ब च्या सव्वादोन ते पावणेचार पट निघतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात सगळ्या क्रिया एकाच पटीने वाढत नाहीत, म्हणून उष्णतेत ठेवलेली बाटली म्हणजे थंडीत जास्त वर्षं ठेवलेली बाटली असा हिशेब मांडता येत नाही. लेबलांवरच्या वर्षांचंही तसंच. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोपने 1968 मध्ये काढलेल्या थॉमस हार्डीज एलची ख्याती 25 वर्षं मुरण्याची. पण कोणत्या तापमानात, हे सांगितल्याशिवाय त्या 25 ला फारसा अर्थ उरत नाही.

12 जानेवारी 2025

न उघडता तपासणी. प्रत्येक बाटलीवर गट आणि क्रमांक. उजेडासमोर धरून तीन गोष्टी पाहिल्या: द्रवाची पातळी, मानेच्या आतल्या बाजूला पांढरट कडं आहे का, झाकणाच्या कडेला गंज किंवा चिकटपणा आहे का. मानेतलं कडं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचं लक्षण, पण नेहमी नाही. सुकलेल्या फेसाचंही तसंच दिसतं. गट ब मधल्या दोन बाटल्यांत पातळी इतरांपेक्षा स्पष्ट कमी, भरतानाच कमी भरलेल्या. त्या बाजूला काढल्या, हेडस्पेसच्या, म्हणजे झाकणाखालच्या रिकाम्या जागेच्या, तुलनेसाठी कामाच्या.

टेस्टिंगच्या बाटल्या पाच दिवस आधी फ्रिजमध्ये उभ्या. गाळ घट्ट बसायला एवढा वेळ लागतोच.

18 जानेवारी 2025

मोजमाप. प्रत्येक गटातली एक बाटली उपकरणांसाठी उघडली. गॅस पूर्ण काढल्याशिवाय हायड्रोमीटर बुडवायचा नाही, बुडबुडे त्याला चिकटून वर उचलतात आणि आकडा फुगतो. दोन भांड्यांत वीसेक वेळा इकडून तिकडे ओतून, अर्धा तास झाकून, 20 अंशांवर आणून मग वाचन.

गट अ: ग्रॅव्हिटी 1.024, पीएच 4.44
गट ब: ग्रॅव्हिटी 1.023, पीएच 4.48
गट क: ग्रॅव्हिटी 1.022, पीएच 4.63

ग्रॅव्हिटी तिन्हीकडे जागेवरच आहे. एखाद-दोन पॉइंटांचा (0.001 म्हणजे एक पॉइंट) फरक वाचनातला किंवा उबेत यीस्टने आणखी थोडी साखर खाल्ल्याचा. पीएचचा आकडा मात्र बोलका आहे. बिअर आंबट झाली असती तर पीएच खाली गेला असता. गट क मध्ये तो वर गेलाय. हे यीस्ट मरून फुटल्याचं, म्हणजे ऑटोलिसिसचं लक्षण. पेशीतली अमिनो आम्लं आणि इतर ऐवज बाहेर येतो आणि पीएच चढतो. चव घेण्याआधीच अंदाज लिहून ठेवला: गट क मध्ये मांसरसासारखा किंवा सोया सॉससारखा वास यावा आणि फेस टिकू नये.

19 जानेवारी 2025

पॅनेलची, म्हणजे चव घेणाऱ्यांची, उजळणी. मुरलेल्या एलची अडचण अशी की बहुतेक जण 'शेरीसारखं' (शेरी ही एक कडक स्पॅनिश वाइन) हा एकच शब्द लिहून मोकळे होतात आणि त्या शब्दाखाली पाच वेगवेगळे वास लपतात. म्हणून संदर्भ नमुने तयार केले. आधार म्हणून कमी कडू, स्वच्छ चवीची ताजी एल.

ओला पुठ्ठा: ताज्या एलची बंद बाटली 60 अंशांच्या पाण्यात एक दिवस. बाटली कमी कार्बोनेशनची हवी आणि भांडं झाकणबंद, कारण तापल्यावर आतला दाब वाढतो. हा वास प्रामुख्याने ट्रान्स-2-नॉनेनाल या अल्डिहाइडचा. प्रतिलिटर 0.1 मायक्रोग्रॅमच्या आसपास माणसाला तो कळतो, त्यामुळे नगण्य प्रमाणही पुरतं. नाकापेक्षा तो गिळल्यानंतर घशाच्या मागून जास्त येतो. नुसतं हुंगून 'पुठ्ठा नाही' असं लिहिलेली नोंद ग्राह्य धरायची नाही.

शेरी: 200 मिली एलमध्ये 10 मिली कोरडी शेरी.

मेथी: चार-पाच मेथीदाणे किंचित भाजून अर्धा तास एलमध्ये, मग गाळून. मेथीच्या वासाचा मुख्य घटक सोटोलॉन, आणि तोच जुन्या शेरीत, मदेरात आणि मुरलेल्या कडक एलमध्ये सापडतो. कमी प्रमाणात मेपल सिरप, वाढला की मसाल्याचा डबा.

सोया सॉस: 200 मिलीमध्ये दोन थेंब. तीन टाकले की खारटपणाच कळतो, वास नाही.

मध: यासाठी नमुना न करता थोडा खरा मध हुंगायला ठेवला. बिअरमध्ये तो वास फिनाइलअसिटाल्डिहाइडचा, हाही ऑक्सिडेशनच्याच वाटेने येणारा.

उजेडाने बिघडलेली: हॉप्स भरपूर असलेली फिकट एल पारदर्शक ग्लासात अर्धा तास उन्हात. मुरण्याशी याचा संबंध नाही, पण लोक दोन्हींत गल्लत करतात. 350 ते 500 नॅनोमीटरचा प्रकाश हॉप्समधल्या आयसोह्युम्युलोनना फोडतो आणि गंधकयुक्त थायॉल तयार होतं. तपकिरी काच त्यातला बराच प्रकाश अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच.

दोन नमुन्यांच्या मध्ये साधं पाणी आणि किमान एक मिनिट. नाक पुठ्ठ्याला फार पटकन सरावतं. तिसऱ्या ग्लासाला ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांनी स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पुन्हा सुरुवात करायची.

25 जानेवारी 2025

गट ब, मुख्य टेस्टिंग. ट्युलिप ग्लास, प्रत्येकी 70 मिली. ग्लास गंधहीन साबणाने धुऊन उलटे वाळवलेले. फडक्याने पुसलेल्या ग्लासात फडक्याचा वास आणि तंतू दोन्ही राहतात, आणि कोपऱ्यात राहिलेला साबण फेस मारतो.

ओतताना बाटली एकाच झोकात तिरपी ठेवायची, ग्लास तिच्याखाली सरकवत न्यायचे. मध्ये बाटली सरळ केली की गाळ ढवळतो. मग शेवटचा ग्लास मिळालेला माणूस 'ब्रेड, यीस्ट' लिहितो आणि पहिल्याला ते सापडतच नाही. दोघांच्या नोंदी दोन वेगळ्या बिअरच्या होतात. खांद्याजवळ गाळाची रेघ दिसली की थांबायचं. तळाचे 20 मिली सोडले.

दिसायला: गडद तांबूस तपकिरी, कडेला तांब्याची झाक. बाटलीबंद करतानाच्या नोंदीपेक्षा एक छटा गडद. थंड असताना किंचित धूसर, 13 अंशांपर्यंत आल्यावर स्वच्छ, म्हणजे प्रथिनं आणि पॉलिफिनॉल यांची थंडीत दिसणारी हेझ. ती अजून कायमची झालेली नाही. फेस बोटभर, बारीक बुडबुड्यांचा, दोन मिनिटांत कडेच्या रिंगवर आला. या ताकदीच्या एलला एवढं पुरे.

वास, 8 अंशांवर: जवळजवळ बंद. कॅरॅमल आणि थोडी भाजलेली कड. फ्रिजमधून काढून लगेच ओतणाऱ्यांना ही बिअर साधी गोड वाटेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वास, 13 अंशांवर: इथे ग्लास उघडला. आधी काळ्या मनुका, मग सुकं अंजीर, मग शिजवलेलं सफरचंद. हा सफरचंदाचा वास बीटा-डॅमसेनोनचा असण्याची शक्यता दाट. माल्ट आणि हॉप्समध्ये साखरेला बांधलेल्या रूपात तो दडलेला असतो आणि बिअरच्या आम्लतेत हळूहळू सुटा होतो, म्हणून वयाबरोबर वाढतो. त्यामागे कोरडी शेरी, बदामाची कड. केळं शून्य. 2021 च्या नोंदीत 'पिकलं केळं, स्पष्ट' असं लिहिलंय. आयसोअमाइल असिटेट तीन वर्षांत विघटन होऊन गेलं. त्याची जागा आता वाइनसारख्या फळवासाने घेतलीय, जो अल्कोहोल आणि आम्लं यांच्या संथ संयोगातून येणाऱ्या डायइथाइल सक्सिनेटसारख्या एस्टर्सचा असतो.

वास, 18 अंशांवर: अल्कोहोल वर येतं, मेथी पुसट दिसते, शेरी पुढे सरकते. 16 च्या वर काही नवं मिळत नाही, फक्त बोच वाढते.

तोंडात: पहिल्या घोटाला गोडवा, पण चिकट नाही. मधल्या भागात खजूर आणि काकवी. अल्कोहोलची ऊब छातीशी जाणवते, घशाला चावत नाही. कडूपणा जिभेच्या मागच्या भागात, बोथट, हिशेबातल्या 70 आयबीयूच्या मानाने फारच सौम्य. हॉप्सचा कडूपणा देणाऱ्या आयसो-अल्फा आम्लांपैकी ट्रान्स प्रकार सिस प्रकारापेक्षा बराच लवकर तुटतो, आणि ताज्या बिअरमध्ये तो साधारण तीस टक्के असतो. त्यामुळे पहिली घट तिथूनच होते. शिवाय वय झालेल्या एलमध्ये गोडव्याचा भास वाढतो, तोही कडूपणाला दाबतो. तुरटपणा किंचित, चहासारखा, त्रासदायक नाही.

गिळल्यावर दहा सेकंदांनी: मनुका, मग कोको, आणि त्यामागून अगदी शेवटी कागद. बहुतेकांच्या पत्रकावर कागदाला 5 पैकी 1, कोणाच्याच 2 च्या वर नाही. शेरीला बहुतेक 3. हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं. शेरीचा वास आणि पुठ्ठा ही एकाच ऑक्सिडेशनची दोन टोकं आहेत. शेरी मिळते आणि पुठ्ठा मिळतच नाही अशी बाटली आम्ही तरी गृहीत धरत नाही. गडद क्रिस्टल माल्टचा जडपणा पुठ्ठ्याला झाकतो. फिकट एलमध्ये हाच 1 असह्य झाला असता.

चाळीस मिनिटांनंतर, ग्लासात हलवत ठेवून: मनुका गेली, नुसती काकवी आणि ओलं लाकूड. ही बिअर उघडल्यावर अर्ध्या तासात पिऊन संपवावी.

26 जानेवारी 2025

गट अ. रंग फिकट, फेस सगळ्यांत दाट. हॉप्स अजून शिल्लक: संत्र्याच्या सालीचा मोरावळा, थोडी माती. अल्कोहोल सुटं सुटं वाटतं, घशात गरम. मनुका पुसट, शेरी शून्य, पुठ्ठा शून्य. कडूपणा धारदार. बिघाड कुठेच नाही, पण तीन वर्षं थांबल्याचा मोबदलाही नाही. फ्रिज बिअरला जपतो, मुरवत नाही. आयपीए (हॉप्सवर भर असलेली एल) ठेवायला उत्तम जागा, बार्लीवाइनला नव्हे.

गट क. ओततानाच फरक दिसला: फेस वर आला आणि ग्लास टेबलावर ठेवेपर्यंत गेला. फुटलेल्या यीस्टमधून सुटणारं प्रोटिनेज ए हे एन्झाइम फेस धरणाऱ्या प्रथिनांनाच तोडतं, पीएचवरून केलेला अंदाज बरोबर निघाला. रंग जवळजवळ कॉफीचा. नाकाला आधी सोया सॉस, मग ओलसर चामडं, मग खूप मागे प्रून. मेथीला 3, पुठ्ठ्याला 3. उकडलेल्या बटाट्याची एक झुळूक, मेथिओनालची. तोंडात सुरुवातीला भरगच्च, पण मध्येच पोकळ होते आणि शेवटी नुसता खारट-मांसल ओढा राहतो. अल्कोहोलची बोच मात्र तिन्ही गटांत सर्वांत कमी.

सुरुवातीचा मुद्दा इथे ठळक झाला. गट क हा 'लवकर म्हातारा झालेला गट ब' नाही. त्यात शेरी ब पेक्षा थोडीच जास्त आहे, पण सोया आणि पुठ्ठा कितीतरी जास्त. उष्णतेने सगळं सारखं पुढे ढकललं असतं तर प्रमाण तेच राहिलं असतं. यीस्टचं फुटणं उष्णतेत जेवढं धावतं तेवढी फळांच्या एस्टर्सची घडण धावत नाही, असा आमचा अर्थ. गाळ काढून, म्हणजे यीस्टविना बाटलीबंद केलेली बार्लीवाइन उबेत ठेवली असती तर सोयाचा भाग तरी टळला असता. पुठ्ठा नसता टळला.

1 फेब्रुवारी 2025

ट्रँगल टेस्ट, गट अ विरुद्ध गट ब. गट क ची गरजच नाही, तो डोळे मिटून ओळखू येतो. अ आणि ब मधला फरक मात्र लेबल माहीत असल्यामुळे तर जाणवत नाही ना, हे बघायला हवं होतं.

बारा जण. प्रत्येकाला तीन ग्लास, त्यांतले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा, आवडनिवड सांगायची नाही. सहा क्रम शक्य असतात (अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब), प्रत्येक क्रम दोघांना, म्हणजे जागेचा परिणाम समान वाटला जातो. बारा हा आकडा याचसाठी सोयीचा. प्रत्येक ग्लासात 40 मिली, म्हणजे दोन्ही गटांचे 720-720 मिली. गाळ वगळून प्रत्येकी तीन बाटल्या लागल्या. तिन्ही बाटल्या आधी एका जगमध्ये भिंतीच्या कडेने हळू एकत्र केल्या, नाहीतर गटांतला नव्हे तर बाटल्याबाटल्यांतला फरक मोजला जातो. दोन्ही जग 13 अंशांवर. तापमानात एक-दोन अंशांचाही फरक राहिला तर लोक त्यावरूनच ओळखतात.

रंग वेगळा असल्याने काळे ग्लास आणि मंद लाल दिवा. ग्लासांवर तीन आकडी यादृच्छिक क्रमांक. 1, 2, 3 असे क्रमांक टाकले की लोक उगाच मधला निवडतात.

बारापैकी नऊ बरोबर. बारा जणांसाठी 5 टक्के पातळीवर (नुसत्या अंदाजाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत) किमान आठ लागतात. फरक खरा आहे. आवड नंतर विचारली आणि ती फक्त त्या नऊ जणांची मोजली, कारण ज्याला फरकच कळला नाही त्याची पसंती म्हणजे नाणेफेक. सात जणांनी ब निवडली, दोघांनी अ. ते दोघं हॉप्सचे भोक्ते, तेव्हा आश्चर्य नाही.

8 फेब्रुवारी 2025

ब-11 उघडताच उसळली, निम्मी बाटली टेबलावर. गटातल्या इतर कोणत्याही बाटलीत असं नाही. उरलेल्यातून नमुना घेतला: ग्रॅव्हिटी 1.019, पीएच 4.36. वास लवंग आणि तबेल्याचा, बॉडी पातळ.

हिशेब असा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट खाली गेला की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढतो. गटाच्या 1.023 वरून 1.019, म्हणजे चार पॉइंट, दोन व्हॉल्यूम जास्त. मुळातले दोन धरून चार. साध्या 330 मिलीच्या बाटलीसाठी हा आकडा धोक्याच्या हद्दीत येतो. आणखी तीन-चार पॉइंट खाली गेली असती तर बाटली कपाटातच फुटली असती.

उसळण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपाय त्यावर ठरतो. साखर नीट मिसळली नसेल तर काही बाटल्या जास्त गॅसच्या निघतात, पण त्यांची ग्रॅव्हिटी जागेवर आणि चव स्वच्छ असते. बुरशी लागलेल्या धान्यातली हायड्रोफोबिन प्रथिनं कारण असतील तर अख्खी बॅच उसळते, गॅस बरोबर असूनही. भांड्यांना किंवा बाटलीला चिकटलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे कणही बुडबुड्यांना जागा देतात. इथे ग्रॅव्हिटी पडलीय, चव बदललीय आणि बाटली एकच आहे, तेव्हा संशय रानटी यीस्टवर: ब्रेटानोमायसिस (ब्रेट) किंवा डायस्टॅटिकस, जे साध्या एल-यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिनही (साखरेच्या लांब साखळ्या) खातं. तबेल्याच्या वासामुळे कौल ब्रेटकडे. संसर्ग बाटलीतच, बहुधा तळाशी वाळलेल्या जुन्या थरात. जंतुनाशक द्रावण अशा थराच्या आत शिरत नाही, आधी ब्रशने आणि गरम अल्कलीने तो निघाला पाहिजे.

मजा अशी की ब-11 ची चव वाईट नव्हती. चामडं, चेरी, कोरडा शेवट. ब्रेटानोमायसिस शोधला गेला तोच मुळी साठवणीच्या इंग्लिश एलमध्ये. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसनने 1904 मध्ये त्याची माहिती मांडली, आणि जुन्या साठवणीच्या बिअरची ओळख त्याच्यामुळेच बनते असं त्याचं म्हणणं होतं. बेल्जियमची ओर्व्हाल ब्रुअरी तर बाटलीबंद करताना मुद्दाम ब्रेट घालते, पण तिथे खायला साखर कमी उरलेली असते आणि बाटली जाड काचेची. 1.024 वर थांबलेल्या बार्लीवाइनमध्ये तो खेळ परवडणारा नाही.

गट ब च्या उरलेल्या सगळ्या बाटल्या 4 अंशांवर हलवल्या, दोन दिवसांनी हातमोजे आणि चष्मा लावून एकेक तपासली. कडं कुठेच नाही, झाकण कुठेच फुगलेलं नाही. परत 12 अंशांवर.

15 फेब्रुवारी 2025

कमी भरलेल्या त्या दोन बाटल्यांपैकी एक, शेजारी नेहमीच्या पातळीची एक. दोन्ही गट ब, एकच दिवस, एकच कपाट. फरक फक्त सुमारे 10 मिली जास्तीच्या हेडस्पेसचा.

10 मिली हवेत साधारण 2.1 मिली ऑक्सिजन, वजनाने 2.8 मिलिग्रॅम. 330 मिलीत तो प्रतिलिटर साडेआठ मिलिग्रॅम होतो. मोठ्या ब्रुअरी बाटलीतला एकूण ऑक्सिजन प्रतिलिटर 0.1 मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला धडपडतात. बॉटलिंग यीस्टने यातला बराच भाग खाल्ला असेल, पण सगळा खाणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

ग्लासात परिणाम उघड. पुठ्ठा 1 वरून अडीचवर, मध 2 वर, मनुका निम्मी. सोया मात्र अजिबात नाही. गट क शी तुलना केली की दोन वाटा वेगळ्या दिसतात: जास्त ऑक्सिजनने पुठ्ठा आणि मध, जास्त उष्णतेने त्यात सोया आणि मेलेला फेस. टेस्टिंगमध्ये 'जुनी झालीय' असं न लिहिता या दोनांपैकी काय आहे ते लिहिलं, तर चूक भरताना झाली की ठेवताना, ते पत्रकावरूनच कळतं.

उपाय साधा आणि फुकटचा: नळी बाटलीच्या तळापर्यंत, भरणं संथ, शेवटी नळी काढल्यावर झाकण ठेवून मग लगेच दाबणं. शक्य असेल तर हेडस्पेसमध्ये कार्बन डायऑक्साइडचा एक झोत. ऑक्सिजन शोषणारी झाकणं उपयोगी, पण ती भिजवून फार वेळ ठेवली की त्यांची क्षमता तिथेच खर्च होते. जंतुनाशकात बुडवून लगेच लावावीत. बाटलीच्या तोंडावर मेण चढवणं हे मुख्यतः शोभेचं. आत कोंडलेल्या ऑक्सिजनला मेण बाहेर काढत नाही.

22 फेब्रुवारी 2025

मिश्रणाची चाचणी. गट क ओतून द्यायचा की कामाला लावायचा? जुनी साठवलेली एल ताज्यात मिसळणं ही इंग्लिश ब्रुअरींची जुनी रीत. ग्रीन किंगची स्ट्रॉंग सफोक अशीच, ओकच्या पिंपांत मुरलेली 5एक्स आणि ताजी एल मिळून होते.

आधार गट अ, त्यात गट क. पिपेटने, प्रत्येक ग्लास 100 मिलीचा. 5 टक्क्यांवर काहीच कळत नाही. 10 टक्क्यांवर अ चा कडूपणा गोल होतो, मनुका वर येते, सोया ओळखू येत नाही. 15 वर खोली आणखी वाढते पण गिळल्यावर कागद दिसायला लागतो. 20 वर सोया सॉस, 30 वर गट क च पितोय असं वाटतं. कल्पना नसलेल्यांसमोर 10 टक्क्यांचा ग्लास आणि नुसती गट ब ठेवली तेव्हा मतं जवळजवळ निम्मी-निम्मी. हे अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं.

मिश्रण ग्लासातच करायचं, पुन्हा बाटलीत भरायचं नाही. ओतताना जो ऑक्सिजन शिरेल तो खायला आता आत जिवंत यीस्ट नाही.

1 मार्च 2025

वाटणी. गट ब 12 अंशांवरच, पुढचं टेस्टिंग नोव्हेंबरमध्ये आणि मग वर्षातून एकदा. कागदाचा आकडा 2 वर पोचला की राहिलेल्या लगेच संपवायच्या. गट अ पैकी निम्म्या बाटल्या ब च्या कपाटात हलवल्या, झाकणावर लाल ठिपका. तीन वर्षं थंडीत राहून मग 12 अंशांवर आलेली बाटली ब ची वाट धरते का, ते बघायचंय. त्यांतलं यीस्ट एव्हाना बरंच मंदावलं असणार, त्यामुळे ऑक्सिजनचा हिशेब वेगळा लागू शकतो. गट क सगळा फ्रिजमध्ये, फक्त मिश्रणासाठी, 10 टक्क्यांच्या वर नाही.

पुढच्या बॅचसाठी भरण्याच्या पत्रकात दोन रकाने वाढवले: प्रत्येक दहाव्या बाटलीची हेडस्पेसची उंची मिलिमीटरमध्ये, आणि नळी काढल्यापासून झाकण दाबेपर्यंतचे सेकंद. बाटल्या भरण्याआधी उलट्या धरून तळ दिव्यासमोर तपासायचा. डाग दिसला की ती बाटली बाद.